बाई, पेटी येत होती ना तुम्हाला?

रविवारची उपासना सुटली की चहाच्या टेबलापाशी कोणीतरी हटकतंच. "बाई, पेटी तर तुम्हाला लहानपणापासून येते. मग ऑर्गन शिकायला दोन वर्षं कशी लागली?" विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी, आता स्वतःच पोराबाळांचे. अर्ध्या कप चहात हे उत्तर मावत नाही, म्हणून मी "वय झालं रे" म्हणते आणि सुटका करून घेते. पण वयाचा यात फारसा दोष नाही. दोष माझ्या डाव्या हाताचा. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

ऑर्गन म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यापुढे संगीत नाटक येतं. गंधर्व मंडळींच्या काळात तिरखवाँसाहेबांचा तबला असायचा, तसा ऑर्गनही असायचा. पण त्या ऑर्गनच्या पोटात पेटीसारखेच पितळी सूर. फक्त भाता पायांनी हाणायचा, म्हणून दोन्ही हात मोकळे. पेटीची थोरली बहीणच ती. चर्चचा मूळचा ऑर्गन म्हणजे नळ्यांचा. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये पाहायला मिळेल. आमच्या नगरच्या चर्चमध्ये आला तो तिसराच प्रकार, डिजिटल. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, एका कुटुंबाने आईवडिलांच्या आठवणीसाठी दिला. त्यात नळी एकही नाही, खऱ्या नळ्यांच्या आवाजाचे नमुने साठवलेले आहेत आणि ते स्पीकरमधून येतात. तरी स्टॉपवर, म्हणजे आवाज निवडायच्या बटणांवर, लिहिलेलं असतं 8 फूट, 16 फूट, 4 फूट. म्हणजे सगळ्यात खालच्या 'सी'ची नळी साधारण तेवढी लांब. 8 फुटाचा स्टॉप आपल्या नेहमीच्या पट्टीत बोलतो, 16 फुटाचा एक सप्तक खाली, 4 फुटाचा एक सप्तक वर. नळ्या गेल्या, फूट राहिले. मला हे फार आवडतं. आपणही टोपी न घालता 'टोपी घातली' म्हणतोच की.

हाताला दोन कीबोर्ड, प्रत्येकी 61 पट्ट्या. खाली पायांसाठी आणखी 32, लाकडी, पंख्यासारख्या पसरलेल्या. खोकं आलं तेव्हा बाजूच्या दारातून ते आत जाईना. मग एरवी लग्नाला आणि अंत्यविधीला उघडतात ती मोठ्या दाराची दोन्ही कवाडं उघडली. वाद्य आत येताना चार म्हाताऱ्या उभ्या राहिल्या, सवयीने.

बसवायला दोन दिवस लागतील असं ठरलं होतं, महिना गेला. आधी स्पीकर पहिल्या बाकांसमोर ठेवले, तर पुढच्यांचे कान बसले आणि मागे काही पोहोचेना. मग ते उंचावर नेले, लोकांच्या डोक्यांवरून आवाज जाईल असे. त्यानंतर गुणगुण सुरू झाली. कुठलीही पट्टी न दाबता, अखंड, एखादा भुंगा कोंडल्यासारखी. आमच्या इलेक्ट्रिशियनने ऑर्गनला हातही लावला नाही. सरळ बाहेर गेला, अर्थिंगचा खड्डा उकरला. तो खडखडीत कोरडा. नवीन मीठ-कोळसा घातला, चार बादल्या पाणी ओतलं आणि भुंगा उडाला. आता उन्हाळ्यात दर शनिवारी त्या खड्ड्याला पाणी घालायचं काम माझ्याकडे. झाडाला घालावं तसं घालते.

दुसरी खोड त्याहून मजेची. पायातला अगदी तळाचा 'डी' 16 फुटावर दाबला की कुठेतरी काहीतरी थरथरायचं. खिडक्या तपासल्या, ट्यूबलाइट काढून पाहिल्या. शेवटी सापडलं: आजवरच्या पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, फोटोंची रांग. आमच्या नगरात अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं, त्यामुळे रांग काही लहान नाही. त्यातल्या एकाच फोटोची काच त्या एका सुराला साथ करत होती. चौकटीमागे जुन्या कॅलेंडरची घडी खोचली, तेव्हा पाळकसाहेब शांत झाले.

आवाजाचं गणित मात्र रविवारीच कळलं. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये सगळं घुमत होतं, भरदार. मी त्या हिशेबाने स्टॉप लावून ठेवले. रविवारी अडीचशे माणसं, त्यांचे कपडे, शाली, स्वेटर येऊन बसले आणि त्यांनी अर्धा आवाज पिऊन टाकला. शिवाय वाजवणाऱ्याला ऐकू येतं ते मागच्या बाकावर ऐकू येत नाही. म्हणून पुढे कितीतरी शनिवार मी भाच्याला एकच सूर दाबून बसवलं आणि स्वतः शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले.

आता डाव्या हाताकडे येते. चाळीस वर्षं पेटी वाजवली, पण या हाताने एकही सूर दाबलेला नव्हता. त्याने भाता ओढला, बस. गाण्याच्या ओळीबरोबर फुगायचं, ओळ संपताना मिटायचं, एवढंच त्याला माहीत. आमच्या पाश्चात्त्य चालींच्या गीतांना चार आवाज असतात. ऑर्गनवर वरचे दोन उजव्या हाताला, टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, डाव्या हाताला आणि बेस, सगळ्यात खालचा, पायांना. म्हणजे ज्याने आयुष्यात पट्टी पाहिली नाही, त्याच्या वाट्याला मधली ओळ, सगळ्यात निसरडी. आणि पाय खाली उतरले की तोही खाली धावतो. पाय डावीकडे गेला, हात डावीकडे. लहान मूल आईमागे जावं तसा.

यावर उपाय कंटाळवाणा आहे. उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि फक्त डावा हात व पाय वाजवायचे. ऐकणाऱ्याला त्यात गाणं सापडत नाही, कारण चाल उजव्या हातात. मी सुरुवात केली 1551 सालच्या जिनिव्हाच्या स्तोत्रसंग्रहातल्या चालीपासून, जिला 'ओल्ड हंड्रेड्थ' म्हणतात. दान गोळा झाल्यावर जगभरच्या मंडळ्या तिच्यावर स्तुतिगीत म्हणतात. ओळी चारच, सूर साधे, चाल संथ. मला त्या चार ओळींना सात आठवडे लागले. पहारेकरी काका एकदा म्हणाले, "बाई, बिघडलाय का तो?"

पायांची गोष्ट वेगळीच. पहिल्या दिवशी साडी नेसून बसले, तर निऱ्या दोन पट्ट्यांच्या फटीत अडकल्या. तेव्हापासून वाजवायच्या दिवशी पंजाबी ड्रेस. चपलेने पट्टी कळत नाही, अनवाणी टाच दुखते. बाजारातल्या बूट शिवणाऱ्या काकांकडे गेले आणि अरुंद, पातळ चामडी तळव्याचे, थोड्या टाचेचे बूट मागितले. त्यांनी विचारलं, "नाचाचे का?" मी हो म्हटलं. ते बूट घातले की तळव्याखाली काळ्या पट्ट्यांमधल्या फटी जाणवतात, दोन-तीन, दोन-तीन, आणि त्यावरून जागा सापडते. खाली बघायचं नसतं. बघितलं की कागदावरची ओळ हरवते.

बोटांनाही जुन्या सवयी मोडाव्या लागल्या. चालीचा एकच धागा असतो तेव्हा पेटीवर बोट सहज पुढे सरकतं. इथे तीन सूर धरून चौथ्याकडे जायचं आणि मध्ये फट पडू द्यायची नाही. म्हणून पट्टी दाबलेली असतानाच बोट बदलायचं: करंगळीने धरलेला सूर, आवाज न तोडता, अनामिकेच्या हवाली करायचा, म्हणजे करंगळी पुढच्या सुरासाठी मोकळी. बाहेरून काही दिसत नाही. मी हे बसमध्ये पर्सवर करत असे.

आणि हे सगळं जमल्यावर एक आजी तक्रार घेऊन आल्या. "बाई, तुम्ही आम्हाला श्वासच घेऊ देत नाही." बरोबर होतं त्यांचं. पेटीला दम लागतो. भाता मिटतो तिथे सूर जरा पडतो, आणि तिथेच माणसंही श्वास घेतात, कोणी न सांगता. ऑर्गनला दम लागतच नाही. बोट ठेवलं की तो कयामतीपर्यंत बोलेल. त्यामुळे गप्प कुठे बसायचं हे मला ठरवावं लागतं, ओळीच्या शेवटी हात उचलून, कडव्यांच्या मध्ये मोजून. आता मी वाजवताना शब्द मोठ्याने म्हणते. माझा श्वास संपला की त्यांचाही संपलेला असतो.

फजितीही सांगून टाकते. ऑर्गनला पट्टी चढवायचं बटण आहे. शनिवारी तरुणांच्या गाण्यासाठी दोन अर्धस्वर वर नेलं आणि परत आणायला विसरले. रविवारी पांढरी पाचचं गीत पांढरी सहात सुरू झालं. तिसऱ्या ओळीला पुरुष गप्प, चौथीला सोप्रानोच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजाच्या, बायका माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेसाठी कुठलाही स्टॉप नाही.

नारायण वामन टिळकांची पदं मात्र मी ऑर्गनवर वाजवत नाही. याबद्दलही विचारतात, काही रागावतात. टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती ओवी-अभंगात मांडली, ती टाळ-तबल्याबरोबर, बैठकीत गायची. एकदा एका अभंगाखाली चार आवाजांच्या जोडण्या लावून पाहिल्या. अभंग नऊवारीवर कोट घातल्यासारखा दिसू लागला. तेव्हापासून पेटी ऑर्गनच्या शेजारीच ठेवली आहे. एकाच उपासनेत मी दोनदा जागा बदलते, बूट काढते, घालते. लोकांना त्याची सवय झाली आहे.

डाव्या हाताला अजून नाही. परवाच्या रविवारी शेवटचं आमेन झालं, तिन्ही सूर नीट एकत्र सुटले, पायही वेळेवर उचलला. मी खूश. आणि डावा हात कागदाच्या स्टँडवरून पलीकडे जाऊन काहीतरी चाचपत होता. भात्याची कडी. क्वायरमधली सातवीतली मुलगी वाकून हळूच म्हणाली, "बाई, त्याला नसते."