नॅस ठेवायचा की पीसीत डिस्क वाढवायच्या? भानगड तिसरीच निघाली

सांगलीतल्या एका वेडिंग फोटोग्राफरचा फोन आला. "पीसीत दोन मोठ्या हार्डडिस्क बसवायच्यात, आणि आमचा नॅस कुणी घेणारं असलं तर बघा." नॅस म्हणजे राउटरशेजारी ठेवायचा डबा, आत दोन हार्डडिस्क, ऑफिसातले सगळे पीसी नेटवर्कवरून त्यातल्या फाइली उघडणार. घेऊन फार दिवस पण झाले नव्हते. का विकताय विचारलं तर म्हणाले, गोगलगाय आहे ओ नुसती, एक लग्न कॉपी करायला रात्र जाते. आणि ज्याने विकला त्यानेच म्हणे सांगितलं की नॅस स्लोच असतो, पीसीत डिस्क टाका. म्हणजे आधी डबा विकायचा, मग डब्याला नावं ठेवून डिस्क विकायच्या, धंदा भारी आहे.

एक लग्न म्हणजे किती ते बाहेरच्यांना सांगतो. 4के व्हिडिओ 100 एमबीपीएसने (सेकंदाला 100 मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे साडेबारा एमबी) शूट केला तर तासाला 45 जीबी होतात. हळद, लग्न, वरात धरून दोन कॅमेऱ्यांचं मिळून दहा तास फुटेज सहज होतं, त्यावर तीनेक हजार रॉ (कॅमेऱ्यातून निघालेले कच्चे) फोटो. सहाशे जीबीच्या आसपास. आणि लगीनसराईत अशी लागोपाठ.

गेल्यावर आधी पीसी उघडला, कारण बोलावलं त्यासाठीच होतं. समोर काच, आत लाल-निळे पंखे, दिसायला एकदम झकास, आणि हार्डडिस्कला जागा किती तर खाली एसएमपीएसशेजारच्या (पीसीला वीज देणारा डबा) पिंजऱ्यात दोन, त्यातली एक भरलेली. बोर्डावर साटाचे पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) चार, पण दुसऱ्या एम-डॉट-टू स्लॉटात (बोर्डावरच चपटी एसएसडी बसवायची खाच) साटाची एसएसडी बसवलेली म्हणून त्यातला एक आपोआप बंद (मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतं, कोण वाचतंय). साटाची पॉवर वायर शिल्लक नाही. मग बाजारातला तो मोलेक्स टू साटाचा (जुन्या चार पिनी वायरीवरून साटाची पॉवर काढायचा) साच्यात ओतलेला कनेक्टर लावतात लोक, तो मी कुणाच्या पीसीत लावत नाही, आतल्या आत शॉर्ट होऊन जळालेले बघितलेत. म्हणजे "नुसत्या दोन डिस्क टाका" म्हणताना कॅबिनेट नाहीतर एसएमपीएस बदलायची वेळ येते, ते कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

पण ते बाजूला ठेवून म्हटलं नॅस एकदा बघू तरी. एक मोठी फाइल कॉपीला लावली. 11 एमबी पर सेकंद. हा आकडा दिसला की मला पुढचं काही बघावं लागत नाही. डिस्क खराब असती तर स्पीड वरखाली झाला असता, हा मात्र 11 वर गप बसून होता. इथरनेटचं स्टेटस उघडलं तर लिंक 100 एमबीपीएस. राउटर गिगाबिट (म्हणजे 1000 एमबीपीएस), नॅस गिगाबिट, पीसी गिगाबिट, आणि मधे सगळं शंभरवर चाललंय. या हिशेबाने सहाशे जीबीला पंधरा तास लागतात, रात्र जाते ते बरोबरच आहे.

केबल टेस्टर लावला. 1, 2, 3, 6 पेटले, 4, 5, 7, 8 ठार. कनेक्टर कापला तर निळी आणि तपकिरी जोडी मुळातच कापून टाकलेली. हे काम सीसीटीव्हीवाल्याचं, स्टुडिओचं वायरिंग त्यानेच केलेलं. कॅमेऱ्याला 100 एमबीपीएस पुरतात, त्याला दोनच जोड्या लागतात, उरलेल्या दोन ते लोक कॅमेऱ्याच्या पॉवरला वापरतात नाहीतर कापून मोकळे होतात. कॅमेऱ्यासाठी त्यात काही चूक नाही. पण गिगाबिटला चारही जोड्या लागतात, त्याशिवाय लिंक शंभरवर उतरते आणि कुठेही एरर येत नाही, सगळं "चालतंय". वर वायर पण अशी की ब्लेडने खरवडली तर आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम, तांब्याचा नुसता मुलामा. भिंतीतली होती म्हणून सोडून दिली आणि छताच्या पट्टीतून चांगली तांब्याची कॅट-6 नवीन ओढली. परत कॉपी लावली, 112. मालक स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ह्ये पहिल्यांदाच का न्हाई केलं त्यानं?" यावर मी काय बोलणार, ज्याने विकला त्याच्याकडे दोनशे रुपयांचा टेस्टर नसेल असं तर मला वाटत नाही.

आता पीसीतली चांगली हार्डडिस्क 200 च्या पुढे जाते, तरी 112 कमी नाहीत. एका 4के स्ट्रीमला साडेबारा एमबी लागतात, तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम नॅसवरून आरामात चालतो. आणि त्यांच्याकडे दोघं बसतात, एक व्हिडिओ, एक अल्बम. डिस्क एडिटरच्या पीसीत टाकली की त्याने पीसी रिस्टार्ट केला की अल्बमवालीचं काम अडलं. म्हणून नॅस ठेवा म्हणालो.

खरी गोष्ट यापुढची, आणि ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. नॅसमध्ये आठ-आठ टीबीच्या दोन डिस्क रेड 1 मध्ये होत्या, म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवर तेच. मालकांचं म्हणणं, दोन कॉप्या आहेत की, अजून बॅकअप कशाला. एक डिस्क मेली तर ठीक आहे, पण एडिटरने चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्हीवरून त्याच क्षणी जातो. तिसरी डिस्क घ्या म्हटलं तर हंगाम संपल्यावर बघू. मग मी रेड मोडला. एक डिस्क नॅसमध्ये ठेवली, दुसरी पीसीतल्या त्या एका रिकाम्या जागेत, पॉवरला साच्यातला नाही, क्रिम्प केलेल्या पिनांचा स्प्लिटर. नॅसवर अजून फारसा डेटा गेलाच नव्हता, जुनं सगळं पोर्टेबल डिस्कवर शाबूत, त्यामुळे मोडताना धोका नव्हता. नॅसवरून पीसीत रोज रोबोकॉपी (विंडोजचीच कॉपी करायची कमांड), तीही मिरर स्विच न लावता, म्हणजे तिकडे डिलीट झालेलं इकडे राहील.

आमच्या लाइनमधला एक मित्र हे ऐकून भडकलाच. रेड मोडतं का कोण? आज डिस्क गेली तर स्टुडिओ बंद! अरे बंद राहू दे की दुपारपर्यंत, पण कुणाची हळद गायब होण्यापेक्षा बरं. तरी त्याचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. मी कॉपी रात्री दोनला लावली होती, पण तिथला मुलगा नऊ वाजता मेन स्विचच बंद करून जातो, मालकांनीच सवय लावलीय लाइटबिलासाठी. म्हणून ती दुपारी दीडला घेतली, जेवणाच्या सुट्टीत, तासाभरात चारशे जीबी होतात. म्हणजे मोठं लग्न दुसऱ्या दिवशी पुरं होणार, आणि तोवर त्याची एकच कॉपी. रेड 1 असता तर निदान डिस्क मरण्याचा धोका तेवढ्यापुरता झाकला असता.

त्यावर माझं उत्तर, तोवर कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

हे मालकांना सांगितलं तर म्हणाले, "उद्या मिरजेत लग्न हाय, कार्ड कुठनं आणू?" (नॅसवरचे फोटो नवरा-नवरीला घरून बघता येतील का हे पण विचारून झालं. राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरच्या नेटवरून आत यायची वाट, उघडायचा नाही म्हणून दम दिलाय. 2022 च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून खंडणी मागणारं) असेच नेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे नॅसचे डबे लॉक केले होते, 0.03 बिटकॉइन मागत होते.) सध्या चार जास्तीच्या कार्डांचं कोटेशन मागितलंय त्यांनी. तिसऱ्या डिस्कचा आकडा पण त्याच कागदावर खाली लिहून पाठवलाय, बघू कुठल्यावर टिक करतात.