रक्त गेलं कुठं?

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या कॅज्युअल्टीत भरदुपारी बाई आली, तर ती गंभीरच असते. वेचाईचे पैसे किलोवर मिळतात. ताप, उलटी, कंबरदुखी, सगळं दिवस मावळेपर्यंत थांबतं. ही साडेबाराला आली. ऑटोतून, सासूच्या खांद्यावर मान टाकून.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात मी अधिपरिचारिका आहे. माझी जागा खरं तर ऑपरेशन थिएटरात, पण माणसं कमी असली की खाली पाठवतात. सरकारी सेवेच्या बॉन्डवर आलेल्या मेडिकल ऑफिसरने केसपेपरवर लिहून टाकलं होतं: पोटदुखी, अंगावर जाणे, अशक्तपणा. ही मुलं हुशार असतात, पण पेशंटआधी कागदाकडे बघतात.

मी तिची खालची पापणी ओढली. आत लाली अशी नव्हतीच. बीपी ८०/५०, नाडी १३० च्या पुढे. पॅड बघितलं तर नुसते डाग. एवढंसं रक्त जाऊन बाई एवढी पांढरी पडत नाही. मग बाकीचं रक्त गेलं कुठं?

आडवी झोपवताच ती कळवळली. "सिस्टर, खांदा लय दुखून रायला."

"गाठोडं उचललं असन कापसाचं," सासू म्हणाली.

पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्यात निघतं. हे मला जुन्या मॅट्रनबाईंनी शिकवलं. पाळीबद्दल सासूपुढे खरं उत्तर येत नाही, म्हणून सासूला आधार कार्ड घेऊन खिडकीवर पाठवलं. ही आमची नेहमीची युक्ती.

"दीड महिना झाला," ती म्हणाली. "गोया घेतल्या ना. बाजारात एक डॉक्टर बसते, त्याच्याकून. पुडीत पाच होत्या. रगत गेलं, मले वाटलं झालं मोकळं."

शॉकमधल्या बाईची शीर डोळ्यांनी शोधायची नसते. कोपराच्या खाचेत बोट ठेवायचं, दोरीसारखं काही सरकतंय का ते चाचपायचं आणि पक्क्या हाताने जायचं. दोन्ही हातांना हिरवी इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनची जाड सुई, दोन्ही पहिल्या टोचण्यात. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लघवीची प्रेग्नन्सी कार्ड टेस्ट पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन ५.४.

सोनोग्राफीची मशीन आमच्याकडे आहे, चांगली आहे. पण पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्याखाली नोंद असलेल्या डॉक्टरशिवाय तिला हात लावता येत नाही. रेडिओलॉजिस्ट ठरल्या वारी येतात, तो वार त्यांचा नव्हता, आणि आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचं नाव चढवण्याची फाइल कुठल्या तरी टेबलावर. तेव्हा मॅडमनी जुना उपाय केला, सरळ पोटात सुई. सिरिंजमध्ये काळसर रक्त आलं. ते ट्रेमध्ये काढून आम्ही बघत राहिलो. शिरेतलं असतं तर गोठलं असतं. हे गोठेना, म्हणजे पोटात साचलेलं.

गर्भाशयाच्या नळीतला गर्भ. नळी फुटलेली.

भूलतज्ज्ञ कॉलवर, म्हणजे खाजगीतली केस उरकली की. तेवढ्या वेळात मी ट्रॉली लावली. आमच्या रक्तसाठा केंद्रात बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या निघाल्या, तिसरीसाठी यवतमाळला गाडी पाठवली. पोट उघडल्यावर दीड लिटरच्या आसपास रक्त निघालं. उजवी नळी काढावी लागली. डावी मॅडमनी उचलून दाखवली. थोडी चिकटलेली, पण टोक मोकळं.

ती वाचली. मला घोळतंय ते त्यानंतरचं.

सासू वाईट बाई नाही. रात्रभर सुनेच्या पायाशी बसली होती. सकाळी मला गाठून म्हणाली, "गोईनंच फुटली ना नळी? आता इले लेकरू होईन का नाई, तेवढं सांगा." वॉर्डातल्या मावशींनी तोवर निकाल दिलाच होता, पाडलं की असंच होते. आमच्यातलीच एक सिस्टर म्हणे, पहिली मुलगी आहे, म्हणून पाडलं असणार. सहाव्या आठवड्यात सोनोग्राफीतही लिंग कळत नाही, हे त्या सिस्टरला नर्सिंगच्या परीक्षेत नक्की येत होतं.

मी सासूला सांगितलं, गर्भ पिशवीत नव्हताच. तो नळीत रुजला होता, गोळी घेतली नसती तरी. शंभरात एक-दोघींना असं होतं. ती गोळी पिशवी मोकळी करते, नळीपर्यंत तिचा इलाज चालत नाही. म्हणूनच ती द्यायच्या आधी डॉक्टरने तपासायचं असतं, शंका आली तर सोनोग्राफी करायची असते. बाजारातल्या पुडीवाल्याने काय तपासलं? नीट झालेल्या गर्भपाताने पुढे दिवस राहायला अडचण येत नाही. पिशवी बिघडते ती आत तुकडा राहून कुजला तर, किंवा पुन्हा पुन्हा खरवडली तर. खरवडायची क्युरेट आम्ही केव्हाच मागे टाकली, आता एमव्हीएची, हाताने ओढून पिशवी रिकामी करायची सिरिंज वापरतो.

आणि ती चिकटलेली डावी नळी? पहिल्या बाळंतपणानंतर तिला बरेच दिवस ताप होता, घाण वासाचं अंगावर जात होतं. घरी शेक दिला. नळ्या बहुतेक तेव्हाच बिघडल्या. त्या तापाला कोणीच बोल लावला नाही.

पुडीपर्यंत ती गेली कशी, हे तिने टाके काढायच्या दिवशी सांगितलं. आधी ती एका दवाखान्यात गेली होती. तिथे म्हणाले, नवऱ्याची सही आण. नवरा पुण्याला कंपनीत. १९७१ चा गर्भपाताचा कायदा मी थिएटरच्या कपाटात ठेवते. बाई अठरा वर्षांवरची असली की संमतीच्या फॉर्म सी वर तिची एकटीची सही पुरते. २०२१ च्या दुरुस्तीने तर तिचं नाव फोडणाऱ्याला शिक्षाही ठेवली. पण भिंतीवर बोर्ड एकच, गर्भलिंग चाचणी हा गुन्हा आहे. तो हवाच. पण त्याच्या शेजारी दुसरा बोर्ड नसल्याने गर्भपातच गुन्हा, असं बायकांना वाटतं, मेडिकलवाल्यांना वाटतं, आणि मॅडम सुटीवर असल्या की आमच्या काही डॉक्टरांनाही सोयीने वाटतं. धाडींच्या भीतीने औषध दुकानांनी ही गोळी ठेवणं सोडलं. ती बाजारात पुडीतून सुरू झाली.

डिस्चार्ज कार्डावर मी लाल पेनने लिहिलं: पाळी चुकली की लगेच सोनोग्राफी. एकदा नळीत राहिलेल्या दहांतल्या एकीला पुन्हा तसंच होऊ शकतं. सासूने ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "मंग कवा होईन? उन्हायात?"

सासू ऑटो बघायला गेल्यावर सून म्हणाली, "सिस्टर, मले आता तीन-चार वर्षं नको. मॅडमले सांगा ना." मॅडमनी 'अंतरा'चं, दिवस न राहण्याचं इंजेक्शन लिहिलं, मी दिलं. पुढचं तीन महिन्यांनी. इंजेक्शनचं कार्ड मात्र तिने घरी नेलं नाही, गावच्या आशाकडे ठेवायला दिलं.