‘तेवढा एक कॉलम घाला की, सर’

बेळगावात ईआरपी (कारखान्याचा स्टोअर-हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवत फिरणाऱ्या माणसाच्या कानावर सगळ्यात जास्त पडणारं वाक्य हेच. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत स्टोअरचे अण्णा, मच्छेच्या मशीन शॉपमध्ये अकाउंट्सच्या मॅडम, मागणी तेवढीच. आणि मी बसवतो त्या ईआरपीनेक्स्टमध्ये कॉलम घालायला खरंच काही लागत नाही. ‘कस्टमाइज फॉर्म’ उघडायचा, एक ओळ वाढवायची, सेव्ह. चहा येईपर्यंत काम झालेलं असतं. म्हणूनच लोक थेट चालू सिस्टिमवर कॉलम घालून मोकळे होतात.

मी घालत नाही. अण्णा रुसतात. ‘आधीचे सर लगेच द्यायचे बघा,’ असं ऐकवतात. त्या आधीच्या सरांनी लगेच दिलेलं निस्तरायलाच मला बोलावलेलं असतं, पण ते कशाला बोलायचं.

असाच एक ‘हीट नंबर’चा कॉलम सांगतो. भट्टीतून एकदा निघालेल्या रसाची ती हीट. त्या रसाच्या सगळ्या कास्टिंगांना तोच नंबर. उद्या गिऱ्हाइकाकडून ब्लो होलची (कास्टिंगमध्ये हवेनं पडलेल्या भोकाची) तक्रार आली तर मागचा माग या नंबरावरूनच काढायचा. कास्टिंग मशीनिंगला कोल्हापूरला जातात आणि परत येतात, तेव्हा जातानाच्या चलनावर आणि येतानाच्या पावतीवर हीट नंबर हवाच. मागणी रास्त.

आता गोम अशी की कस्टमाइज फॉर्ममध्ये घातलेला कॉलम कोडमध्ये जात नाही. डेटाबेसमध्ये ‘कस्टम फील्ड’ नावाची एक नोंद होते, एवढंच. रुंदी बदलली, एखादा रकाना लपवला, की ‘प्रॉपर्टी सेटर’ची नोंद. कोडचे बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटला यातलं काहीच माहीत नसतं. मग लॅपटॉपवर केलेलं काम सर्व्हरवर पुन्हा हातानं करायचं, आणि तिथं घोळ. पडद्यावर दोन्हीकडं ‘हीट नंबर’च दिसतो, पण आत एकीकडं फील्डचं नाव हीट_नो, दुसरीकडं कस्टम_हीट_नो. नव्या आवृत्तीत ‘कस्टम’ हा उपसर्ग आपोआप लागतो, जुन्यात लागत नव्हता. प्रिंट फॉरमॅट एका नावानं वाचतो, माणसं दुसऱ्यात भरतात, आणि चलनावर कोरा रकाना छापून गाडी निघून जाते.

त्यामुळं प्रत्येक कारखान्याचं मी वेगळं कस्टम ॲप (त्याच्यापुरत्या बदलांचा कोड) करतो आणि फील्ड त्या ॲपमधून फाइल होऊनच सर्व्हरवर जातात. हुक्सच्या फाइलमध्ये फिक्स्चर्स (डेटाबेसमधल्या कुठल्या नोंदी फाइलमध्ये काढायच्या ती यादी) लिहायचे, ‘एक्सपोर्ट-फिक्स्चर्स’ चालवायचं, निघालेली जेसन फाइल गिटमध्ये, आणि पलीकडं सर्व्हरवर ‘बेंच मायग्रेट’, म्हणजे नवे बदल डेटाबेसवर चढवणारी आज्ञा. फिल्टर मात्र लावायचाच, म्हणजे फक्त आपलेच फील्ड निवडायचे. न लावता नुसतं ‘कस्टम फील्ड’ लिहून सोडलं तर साइटवरचे सगळेच फील्ड उचलले जातात, इंडिया कम्प्लायन्स ॲपनं जीएसटीसाठी घातलेलेसुद्धा. पुढं ते ॲप अपडेट होतं, आणि आपली शिळी जेसन दर मायग्रेटला त्याच्या नव्या फील्डवर जाऊन बसते. असला घोळ शोधायला रात्र जाते. दुसरं म्हणजे, फिक्स्चरमधून ओळ काढली म्हणून सर्व्हरवरचा फील्ड जात नाही. तो वेगळा पॅच (मायग्रेटमध्ये एकदाच चालणारा छोटा प्रोग्राम) लिहूनच काढावा लागतो. फील्डची नोंद काढली तरी टेबलातला स्तंभ आणि त्यातला जुना मजकूर तसाच राहतो. ते एका परीनं बरंच आहे.

वरच्या त्या दोन नावांच्या भानगडीत जुन्या फील्डमधले नंबर नव्यात हलवायचे होते. साधा पॅच, चार ओळींचा. पण मायग्रेटचा क्रम बघा: आधी प्री-मॉडेल-सिंकचे पॅच, मग डॉकटाइप (फॉर्म आणि टेबलांचे आराखडे), मग पोस्ट-मॉडेल-सिंकचे पॅच, आणि फिक्स्चर्स त्याच्याही नंतर. म्हणजे पॅच चालतो तेव्हा फिक्स्चरमधून येणारा फील्ड जन्मलेलाच नसतो! आणि पॅच लॉगमध्ये एकदा नोंद झाली की तो पॅच पुन्हा चालत नाही. तेव्हा पॅचमध्येच आधी ‘क्रिएट कस्टम फील्ड्स’ बोलवायचं, मग मजकूर हलवायचा. मी आता असले फील्ड फिक्स्चरमध्ये ठेवतच नाही.

हे सगळं आधी स्टेजिंगवर, म्हणजे तपासणीच्या वेगळ्या सर्व्हरवर, आणि तेही कालच्या खऱ्या बॅकअपवर. ‘टेस्ट कस्टमर १’ वर तपासून काही कळत नाही. बॅकअप चढवला की मायग्रेटच्याही आधी साइट कॉन्फिगमध्ये मेल म्यूट करायचे, आपोआप कामं करणारा शेड्युलर थांबवायचा, जीएसटी सेटिंग्जमध्ये सँडबॉक्स (नुसतं चाचणीपुरतं चालवायची सोय) लावायचा. नाहीतर स्टेजिंगवरून खऱ्या गिऱ्हाइकाला थकबाकीचं पत्र जातं आणि मालकांचा फोन येतो.

आमच्या भागात तपासणीला किमान दोन बिलं लागतात: एक हुबळीचं, एक कोल्हापूरचं. हुबळीवाल्याचा जीएसटी नंबर कर्नाटकाच्या २९ नं सुरू होतो, तिथं सीजीएसटी-एसजीएसटी. कोल्हापूरवाल्याचा महाराष्ट्राच्या २७ नं, तिथं आयजीएसटी. कोल्हापूर इथून दोन-अडीच तासांवर असेल, सोयरीकही तिकडचीच असेल, पण सिस्टिमला ते परराज्य. एका ठिकाणी क्लायंट स्क्रिप्ट (फॉर्मवर चालणारा छोटा कोड) होती: ५०,००० रुपयांच्या आतलं चलन असेल तर ई-वे बिलाचे (माल नेतानाच्या जीएसटीच्या कागदाचे) रकाने लपवायचे. हुबळीच्या चलनावर झकास चालायची. पण दुसऱ्या राज्यात जॉब वर्कला माल पाठवताना ई-वे बिल किमतीचा विचार न करता लागतं. बारा हजारांची कास्टिंग कोल्हापूरला निघाली की रकाने गायब, आणि सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर गाडी अडवली तर ड्रायव्हरच्या हातात नुसतं चलन. बेंगळुरूत बसून लिहिणाऱ्याला हे सुचणारही नाही. त्याचा दोष नाही, त्याच्या सगळ्या पार्ट्या २९ च्याच असतील.

गिटमध्ये न बसणारी एक गोष्ट आमच्याकडं हमखास नडते, ती म्हणजे फॉन्ट. स्टोअरचे अण्णा शेरा कन्नडमध्ये लिहितात, फेटलिंगचे (कास्टिंग घासून साफ करणाऱ्या विभागाचे) मामा मराठीत. लॅपटॉपवर पीडीएफ सुरेख निघते. सर्व्हरवर कन्नडच्या जागी नुसत्या चौकोनांची रांग, कारण नव्या उबुंटूवर (सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) तो फॉन्टच नसतो. स्टेजिंग सर्व्हर मी प्रॉडक्शनसारखाच (रोजच्या कामाच्या सर्व्हरसारखाच) उभा करतो, त्याच उबुंटूचा, आणि नोटोचे फॉन्ट दोन्हीकडं एकाच स्क्रिप्टनं घालतो.

चढवायची वेळ म्हणजे डिस्पॅच संपल्यावरची संध्याकाळ. ११ आणि २० तारखेच्या आसपास नाही, त्या दिवसांत मॅडम जीएसटीआर-१ आणि ३बी च्या रिटर्नमध्ये असतात आणि त्यांच्याशी बोलायचीही सोय नसते. मेंटेनन्स मोड, फाइलींसकट बॅकअप, मायग्रेट. बॅकअपचा भरवसा मात्र सकाळच्या पहिल्या चलनापर्यंतच. नव्या नोंदी पडायला लागल्या की जुना बॅकअप चढवणं म्हणजे त्या पुसणं, म्हणून त्यानंतरची दुरुस्ती नव्या पॅचनंच. सकाळी पहिलं चलन निघताना मी स्टोअरमध्ये अण्णांच्या शेजारी उभा असतो. ते हीट नंबर भरतात, प्रिंट काढतात, चष्मा वर करून बघतात, आणि म्हणतात, ‘बरं झालं की. आता शेजारी पॅटर्न नंबरचा एक घाला.’