तुम्ही विचारलंत म्हणून: स्कोप असताना बाजूला रेड डॉट कशाला?

चार वर्षं झाली, हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. कोणी नवीन आला की आधी रायफलीकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग विचारतोच की काका, एवढा मोठा स्कोप आहे ना, मग हा बाजूला तिरपा डबा कसला. स्कोप म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारी नेमाची दुर्बीण, आणि तो डबा म्हणजे रेड डॉट, काही मोठं न करता काचेवर नुसता लाल ठिपका दाखवणारी छोटी साइट. जुने लोक विचारत नाहीत, नुसते एकमेकांकडे बघून हसतात, ते जास्त लागतं. परवा इंदूरच्या रामबागेत एका मित्राकडे पोहे खायला जमलो होतो, तिथेही त्याने सगळ्यांसमोर काढलंच, "अरे यार, पॉइंट एकशे सत्त्याहत्तर इंच नळीची एअर रायफल, ताकद वीस ज्यूलच्या आतली, लायसनसुद्धा लागत नाही तिला, आणि तू तिच्यावर दोन दोन साइट लावून फिरतोस, शोबाजी सोड."

आजवर माझं ठरलेलं उत्तर होतं: लांबच्यासाठी स्कोप, जवळच्यासाठी डॉट. हे खोटं नाही. माझा स्कोप चार ते बारा पटीचा, पुढची काच चाळीस मिलिमीटरची, बारा पटीवर ठेवून दहा मीटरवरचा नेमाचा रिकामा डबा बघितला तर नुसतं धुकं दिसतं, पुढची रिंग फिरवून फोकस आणेपर्यंत निम्मा वेळ गेला. डॉट पंचेचाळीस अंशांच्या माउंटवर आहे, रायफल खांद्यातच डावीकडे कलती केली की तो वर येतो, झालं. तीन एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) ठिपका दहा मीटरवर साधारण नऊ मिलिमीटर झाकतो, डब्याला तेवढं पुरतं. झिरो करताना, म्हणजे ठिपका तिथेच छर्रा अशी जुळवणी करताना, मात्र जीव गेला, कारण मी दर वेळी रायफल वेगळीच कलती धरत होतो आणि स्क्रूला दोष देत होतो, छर्र्यांची अख्खी डबी त्यात संपली.

यावर लोक म्हणतात की मग चार पटीवर ठेव ना स्कोप, दुसरी वस्तू कशाला. किंवा खरगोनच्या ऑलिंपिक नेमबाज ऐश्वर्य प्रतापसिंह तोमरचं उदाहरण देतात, बघ तो, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला पोरगा, ना स्कोप ना डॉट. अरे बाबा, त्या स्पर्धांमध्ये काचेच्या दुर्बिणी चालतच नाहीत, पीप साइटच, म्हणजे बारीक भोकातून बघायची बिनकाचेची साइट, लावावी लागते, आणि तिथे नेमबाजांच्या दोरीच्या पुढे चिटपाखरू नसतं. आणि दोन साइटची जोडी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही, अमेरिकन फौजेच्या फोटोत चार पटीच्या एकॉग नावाच्या स्कोपच्या डोक्यावर एवढासा डॉट बसवलेला सरळ दिसतो.

पण हे सगळं मी वाद जिंकायला सांगत आलो. खरं कारण कोणाला सांगितलं नव्हतं, ते आता सांगतो.

चार वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. सिमरोलच्या पुढे मावसभावाचं शेत आहे, सोयाबीन नुकतं निघालं होतं, रान मोकळं. मातीच्या उंच बांधापुढे आम्ही पंचवीस मीटरवर साखळीला लोखंडी चकत्या टांगल्या होत्या, सगळ्यात लहान रुपयाच्या नाण्याएवढी. बाजूला रिकामे डबे. नियम मीच घालून दिलेला, रेघेच्या पुढे कोणी जायचं नाही, जायचं असेल तर ओरडून सांगायचं आणि मी रायफल खाली ठेवेपर्यंत थांबायचं. भावाचा मुलगा नऊ वर्षांचा. सकाळपासून डबे पडले की तोच पळत जाऊन उभे करायचा आणि मीच त्याला म्हणायचो, "जा रे, लाव परत."

ती लहान चकती मला लागत नव्हती. पाच वेळा चुकली. मग हट्टाला पेटलो. स्कोप बारा पटीवर नेला, डावा डोळा मिटला, गाल दस्त्याला चिकटवला, श्वास धरला. बारा पटीवर पंचवीस मीटरवरचं जेमतेम पाऊण मीटर रुंद दिसतं. एका घरच्या खिडकीएवढं. त्या खिडकीत फक्त चकती, साखळीची शेवटची कडी आणि मागची भुसभुशीत माती होती. ट्रिगर ओढला जात होता, म्हणजे बोटाला ती पहिली ढील संपल्याचं कळलं होतं, आणि त्याच क्षणी खिडकीच्या डाव्या कडेला काहीतरी निळं आलं. मला कळलं की काहीतरी आलं. बोट थांबलं नाही.

टिंग.

मी डोकं वर केलं तर तो चकतीपासून हातभर अंतरावर उभा होता, हातात चेपलेला डबा, अंगात निळा टीशर्ट. आधीच्या एका नेमात डबा पडला होता आणि नेहमीप्रमाणे तो लावायला आला होता, बांधाच्या कडेने, न ओरडता. त्याने हलणाऱ्या चकतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आनंदाने ओरडला, "काका, लागली! लागली!"

छर्रा तिथवर पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. तो दोन पावलं जोरात पळत आला असता तर, हे गणित मी किती रात्री केलंय ते सांगत नाही. भाऊ माझ्या मागेच खाटेवर बसला होता, त्याने सगळं बघितलं. तो उठला, पोराला हाताला धरून विहिरीकडे घेऊन गेला, माझ्याशी एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी वहिनींनी गरम भजी वाढली आणि विचारलं, "भाऊजी, आज गप्प का?" भाऊ म्हणाला, ऊन लागलंय त्याला. आजतागायत वहिनींना माहीत नाही. हे वाचून कळणार असेल तर कळू दे, मला ते आता पोटात ठेवायचं नाही.

तीन महिने रायफल कव्हरमधून काढली नाही. मग डॉट घेतला. डॉटमध्ये मोठं करून काही दिसत नाही म्हणून दोन्ही डोळे उघडे राहतात, दोघांना एकच चित्र दिसतं आणि ठिपका त्यावर येऊन बसतो. 1975 साली स्वीडनच्या एमपॉइंटने पहिला इलेक्ट्रॉनिक रेड डॉट आणला तेव्हापासून त्याचा हाच मोठा गुण. आता मी रायफल आधी डॉटवर धरतो, डोकं वर, अख्खं रान दिसतं, डावीकडचा बांध, उजवीकडची विहीर. मग सरळ करून स्कोपमध्ये जातो, तीन सेकंदांत नेम बसला तर ठीक, नाहीतर परत डॉटवर.

महूच्या एका रिटायर्ड सुभेदारांना हे सांगितलं तर ते भडकले. म्हणाले, रायफल म्हणजे दुर्बीण नव्हे, नेम धरायच्या वस्तूतून माणसं शोधायची नाहीत. बरोबर आहे त्यांचं, आणि मी शोधत नाही, नळी चकतीवरच असते, फक्त डोळे मोकळे असतात. पण मग त्यांनी पुढचं विचारलं, "त्या दिवशी हा डॉट असता तर तुम्ही नाण्याएवढी चकती डॉटने मारली असती का?"

नसती मारली. स्कोपनेच मारली असती, बारा पटीवरच, डावा डोळा मिटूनच. हे मला तेव्हाही माहीत होतं, डॉटचे पैसे मोजताना माहीत होतं. आणि नियम मोडायची सवय त्या पोराला मीच लावली होती, डब्यांमागे पळवून पळवून. तिथे एक शिट्टी हवी होती, एक माणूस नुसता रान बघायला हवा होता. माझ्यातलाच एक माणूस म्हणतो की डॉट लावून तू स्वतःची समजूत घातलीस, गाल उचलून बघायला काय झालं होतं? त्याला मी म्हणतो की नाही रे, एकदा गाल चिकटला, श्वास धरला की माणूस डोकं उचलत नाही, मी उचललं नाही, म्हणून मला रायफलीवर असं काहीतरी हवंय जे मला उचलायला लावेल. तो म्हणतो, मग शूटिंगच सोड. इथे माझ्याकडे उत्तर नसतं, दर वेळी नसतं.

आता शेतावर शिट्टीही आहे आणि मी एकटा असलो तर रायफल काढतच नाही. डॉटही आहे, मी तो काढणार नाही, हसणाऱ्यांनी हसावं.

तो पोरगा आता तेराचा झालाय. गेल्या महिन्यात म्हणाला, "काका, मला शिकवा ना, त्या लाल ठिपक्यावाली." भाऊ तेव्हा तिथेच होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी त्याला म्हटलं की आधी महिनाभर तू शिट्टी धर.