तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सिंगमध्ये कसलं आलंय संशोधन?

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते आणि मुलींना संशोधनाचा पेपरही मीच शिकवते, असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. मग विचारतो, ‘नर्सिंगमध्ये कसलं आलंय संशोधन? ते तर डॉक्टर करतात ना?’ लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात, बँकेत केवायसीच्या रांगेतही विचारलंय. त्यात कुचकेपणा नसतो. नर्स म्हटलं की लोकांना सलाइन लावणारे हात दिसतात. त्या हातांच्या बाईला प्रश्नही पडत असतील, हे कुणाच्या मनात येत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तर सरळ विचारलं होतं, ‘म्हणजे तू नवीन औषध शोधतेस का गं?’

औषध नाही शोधत. औषध शोधून झालं, डॉक्टरांनी ते लिहून दिलं, पेशंट ते घेऊन घरी गेला. त्यानंतर त्या औषधाचं काय होतं, हे शोधणं आमच्या वाट्याला येतं.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे दुकानात मिळणारी इन्सुलिनची नेहमीची बाटली १ मिलीला ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. दुसरं इन्सुलिन १ मिलीला १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. दुकानात लाल संपलेली असते. ‘हीच घ्या, सारखीच असते’ म्हणून नारिंगी हातात पडते. चाळीसच्या बाटलीतून नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं की अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर चढते. डॉक्टर म्हणतात, डोस वाढवू. डोस वाढतो, आणि एक दिवस मुलगा शहरातून बरोबर सिरिंज घेऊन येतो. त्या रात्री साखर एकदम उतरते; आजोबा घामाने भिजतात, बडबडायला लागतात. उलटी गफलत झाली, म्हणजे शंभरची बाटली आणि लाल सिरिंज, तर २० च्या जागी ५० युनिट जातात. यात औषध चुकलेलं नाही, डॉक्टर चुकलेले नाहीत. चुकलंय ते दुकानाच्या काउंटरपासून घरातल्या फडताळापर्यंतच्या अंतरात, आणि त्या अंतरावर लक्ष ठेवायचं काम कुणाच्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

तीच गोष्ट सुईच्या जागेची. पोटावर एकाच जागी रोज टोचलं की तिथे गाठ होते. गाठीवर सुई कमी दुखते, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो, आणि गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. हे समजायला कुठलीही मशिन लागत नाही. पेशंटचा सदरा वर करून पोटावरून हात फिरवावा लागतो.

आता डिस्चार्जची वेळ आठवा. बिल भरायचंय, फाइल घ्यायचीय, खाली रिक्षा उभी आहे. सिस्टर सात गोळ्या सांगतात आणि विचारतात, ‘समजलं ना?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात आजवर कुणी ‘नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही. जगभरच्या नर्सिंगमध्ये आता ही सवय मोडायला शिकवतात. मी मुलींना सांगते, असं विचारा: ‘आजी, घरी गेल्यावर सूनबाईंना हे कसं सांगाल, ते मला सांगून दाखवा.’ मग खरं काय ते कळतं. आजी म्हणतात, ‘पांढरी सकाळी आणि गुलाबी रात्री.’ पण पांढऱ्या तीन असतात.

अमेरिकेतल्या डोरोथिया ओरेम या नर्सने १९७१ मध्ये पुस्तकरूपाने एक साधा विचार मांडला. माणूस स्वतःची काळजी घेतच असतो. जिथे तो कमी पडतो, तेवढीच जागा नर्सने भरायची. बेशुद्ध पेशंटचं सगळं करायचं, ऑपरेशननंतरच्या पेशंटचं अर्धं, आणि घरी निघालेल्याला फक्त शिकवायचं आणि पाठीशी उभं राहायचं. आमच्या मुली हे परीक्षेसाठी घोकतात. मला त्यात नेहमी एक गोष्ट खटकते. आपल्या घरांत पुरुष स्वतःची काळजी स्वतः घेतो कुठे? आजोबांना त्यांच्या गोळीचं नाव माहीत नसतं, डबीत आजी भरतात. पथ्य आजी सांभाळतात. आणि आजीच पेशंट झाल्या की मात्र त्यांची डबी कुणी भरत नाही; त्या एकादशीला साबुदाणा खाऊन आणि गोळी ‘आज उपास’ म्हणून चुकवून मोकळ्या होतात. तेव्हा शिकवायचं कुणाला, हा आमच्याकडे ‘काय शिकवायचं’पेक्षा मोठा प्रश्न आहे.

बार्बरा रीगल या संशोधक नर्सने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जुनाट आजारातल्या काळजीचे तीन भाग पाडले: नेमाने करायचं ते करणं, शरीरावर लक्ष ठेवणं, आणि काही बदललं तर त्यावर पाऊल उचलणं. आपलं घोडं मधल्या भागात अडतं. हृदय कमजोर असलेल्या पेशंटला सांगतात, रोज वजन करा, अंगात पाणी साठून ते तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच दाखवायला या. पण घरात वजनकाटा असतोच असं नाही. मग त्या घराला कळणारी खूण शोधावी लागते: चपलेचा पट्टा घट्ट होतोय का, जोडवी रुतताहेत का, रात्री एका उशीवर झोप लागायची तिथे आता दोन लागतात का. कुठली खूण लोकांच्या खरंच लक्षात राहते आणि कुठली ‘चालून चालून सूज आली असेल’ म्हणून सोडून दिली जाते, हे मोजणं म्हणजे संशोधनच.

आमच्या स्वतःच्या हातांवरही आम्ही संशोधन करतो, आणि ते जास्त झोंबतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची पाठ स्पिरिट लावून चोळायची आणि वर पावडर मारायची, हे वर्षानुवर्षं आमचं ‘बॅक केअर’. डोरीन नॉर्टन या इंग्लिश नर्सने सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास १९६२ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की कातडीवर काय चोळता याने बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, टळत नाही. ठरलेल्या वेळाने कूस बदलली तर टळतो. पुढे हेही कळलं की हाडाच्या उंचवट्यावर, लाल झालेल्या जागी चोळणं उलट घातक. तरीही आमच्या किती वॉर्डांत स्पिरिटची बाटली ट्रॉलीवर होतीच! चोळणं दिसतं, कूस बदललेली दिसत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

इथे मुंबईच्या केईएम रुग्णालयाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना सांभाळलं. २०११ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजलं, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर होऊ दिला नव्हता, हे देशाला समजलं. लोकांनी त्यात माया पाहिली. माया होतीच. मला त्यात ज्ञानही दिसतं, एका पाळीने दुसऱ्या पाळीला ओव्हर देताना सोपवलेलं. असं ज्ञान कागदावर आलं नाही तर त्या सिस्टरांबरोबरच निवृत्त होतं.

आता आमची उणी बाजू. नर्सिंगच्या एमएस्सीचे प्रबंध उघडलेत तर निम्म्यांची नावं एका साच्यातली दिसतील: अमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिकवणी कार्यक्रमाची परिणामकारकता, निवडक रुग्णालय, अमुक शहर. आधी प्रश्नावली, मग तासभर चार्ट दाखवून शिकवणं, आठवड्याने तीच प्रश्नावली. ज्ञान वाढलं. वाढणारच! तासभर शिकवून ज्ञान घटलं असतं तर ती बातमी होती. त्या माणसाने घरी जाऊन काय केलं, ते कुणी पाहायला जात नाही. तोवर प्रबंध बांधून झालेला असतो, सोनेरी अक्षरांत. दोष मुलींचा नाही. त्यांना सहा महिन्यांत काम संपवायचं असतं, आणि गाइडला बाहेरच्या परीक्षकांसमोर सुरक्षित विषय हवा असतो.

दुसरा प्रश्न याच्याच पोटातला: ‘नर्सला डिग्री कशाला हवी? हात चांगला असला म्हणजे झालं.’ लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या ९ देशांतली ३०० रुग्णालयं आणि ऑपरेशन झालेले ४,२२,७३० पेशंट तपासले. २०१४ मध्ये ते छापून आलं. नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे ती ७ टक्क्यांनी कमी. म्हणून जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदवी नव्हे तर पदविका, केलेल्या सिस्टर कमी दर्जाच्या असा अर्थ कुणी काढू नये. मला शीर शोधायला शिकवलं ते जीएनएम सिस्टरनेच. मला त्या अभ्यासातला पहिला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या प्रमाणानुसार शिकाऊ रुग्णालयात ३ पेशंटमागे १ नर्स हवी, साध्या रुग्णालयात ५ मागे १. रात्रपाळीला तीस-चाळीस पेशंट एकटीने मीही सांभाळलेत. त्या गणितात ‘आजी, सांगून दाखवा’ला वेळ कुठून आणायचा?

कोविडबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर बोललंय खूप जणांनी. आमच्यासाठी थाळ्या वाजल्या, हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. ‘देवदूत’ म्हटलं गेलं, ते ऐकायला बरं वाटलं, पण देवदूताला तहान लागत नाही, पाळी येत नाही आणि भीतीही वाटत नाही. पीपीईत सहा-सहा तास बिनपाण्याची काढलेली बाई काय सांगते, ते शांतपणे बसून ऐकणं, शब्दन्‌शब्द उतरवून घेणं आणि दहा-पंधरा जणींच्या बोलण्यातून समान धागा काढणं, हीसुद्धा संशोधनाची रीतसर पद्धत आहे. हे ऐकून आमचे आकडेवारीवाले सर अजून नाक मुरडतात.

यंदा माझ्याकडे पंढरपूरकडची एक मुलगी एमएस्सीला आहे. तिला मधुमेही वारकऱ्यांच्या पायांवर काम करायचंय. मधुमेहाने पायाची जाणीव गेली की खडा रुतलेला कळत नाही, तापलेला डांबरी रस्ता कळत नाही. कळतं ते सूज आणि पू झाल्यावर. पुस्तक म्हणतं, अनवाणी चालू नका. पण ज्याने माउलीसाठी चप्पल सोडलीय, त्याला ‘चप्पल घाला’ सांगून तो ऐकणार आहे का? मग तिचा प्रश्न असा ठरला: काय सांगितलं तर ऐकेल? मुक्कामाला पोचल्यावर दिंडीतल्या सोबत्याने एकमेकांचे तळवे कंदिलाच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात पाहायचे, हे जमेल का? जाड मोजे चालतील का? दिंडीचे विणेकरी सांगतील ते जास्त ऐकलं जाईल की सिस्टर सांगतील ते?

विषय मंजूर करणाऱ्या कमिटीतल्या एका मॅडमनी विचारलं, ‘यात नियोजित शिकवणी कार्यक्रम कुठे आहे?’ मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आधी मी त्यांच्याकडून शिकून येते.’ विषय दुरुस्तीसाठी परत आलाय. नायलॉनच्या धाग्याने तळव्याची जाणीव कशी तपासायची, याचा सराव ती हॉस्टेलच्या मुलींच्या पायांवर करते आहे, आणि शीर्षकाची आमची तिसरी आवृत्ती सोमवारी जाणार आहे.