दहा आकडे मोजेपर्यंत

दुसऱ्या वाढदिवसाला माझ्या मुलाकडे मोजून चार शब्द होते. आई, बाबा, 'दे', आणि कुठल्याही गाडीला 'बूम'. या वयात साधारण पन्नासेक शब्द असतात, 'बाबा ये' असे दोन शब्द मुलं जोडायला लागतात, हे मला नंतर कळलं. मनात शंका तो दीड वर्षाचा असल्यापासून होती. पण जो तो म्हणायचा, मुलगे उशिराच बोलतात, आणि मलाही तेच ऐकायला हवं होतं. त्यात सहा महिने गेले. त्याची हळहळ अजून वाटते.

डॉक्टरांनी पहिल्यांदा कान तपासायला सांगितले. मी म्हटलं, "अहो, हाक मारली की वळतो तो!" त्यांनी समजावलं की वळून बघतो म्हणजे सगळं स्पष्ट ऐकू येतं असं नाही. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी बोलणं दबकं ऐकू येतं, आणि जे नीट ऐकूच येत नाही ते मूल उच्चारणार कसं? बेरा, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून ऐकणं मोजायची तपासणी, झोपेत करतात. पहिल्या वेळी ते लावता लावताच तो जागा झाला, परत यावं लागलं. दुसऱ्या वेळी झाली. ऐकणं ठीक होतं.

मग स्पीच थेरपिस्ट. हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, नजर देतो का, बाहुलीला खोटंखोटं भरवतो का, असं बरंच विचारून त्यांनी सांगितलं की समज वयाप्रमाणे आहे, बोलणं मागे आहे. घरी दोन भाषा आहेत म्हणून एक बंद करावी का, हेही मी विचारलं, कारण तसा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. त्या ठामपणे नाही म्हणाल्या. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही; ज्या भाषेत तुम्ही मनापासून बोलता, तीत बोला.

नंतर त्यांनी आम्हा दोघांचा खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि मला दाखवला. त्यात सगळा माझाच आवाज. "हे काय आहे? रंग कोणता? म्हण ना, म्हण!" एका ठिकाणी त्याने माझ्याकडे बघून ओठ उघडले होते, आणि तेवढ्यात मीच उत्तर देऊन टाकलं होतं. तो क्षण बघून मला रडू आलं. त्याला मदत करते आहे असं समजून मी त्याची पाळीच येऊ देत नव्हते.

तिथून घरचं काम सुरू झालं. प्रश्न कमी करायचे. तो जे करतोय ते छोट्या वाक्यात बोलायचं. तो 'बूम' म्हणाला की आपण 'बूम गेली' म्हणायचं, त्याच्यापेक्षा एकच शब्द पुढे. आणि थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड गेलं. साबणाच्या फुग्यांची बाटली मी झाकण घट्ट लावून त्याच्या हातात द्यायची. तो ती माझ्यासमोर धरायचा, मी त्याच्याकडे बघत मनात दहा आकडे मोजायची. चिडला तर ताणायचं नाही, 'उघड' म्हणून उघडून द्यायचं. कितीतरी दिवस नुसतं बोट आणि कुरकुर. एका संध्याकाळी मी सातवर होते, आणि तो म्हणाला, "उघ." मी इतके फुगे उडवले की बाटली संपली.

आता तो सव्वातीन वर्षांचा आहे. तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतो, पण 'क'चा 'त' आणि 'ग'चा 'द' होतो, त्यामुळे बाहेरच्या माणसांना निम्मं कळत नाही. गाडी आता 'बूम' राहिली नाही, 'दादी' झाली आहे. मी दुरुस्त करत नाही. "हो, गाडी आली" एवढंच म्हणते. पुढची भेट तीन महिन्यांनी आहे.