जुने कर्नल
आज रात्री एका अनोळखी माणसाचं डेबियन (लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) मार्गी लागलं. अपडेट अर्ध्यातच अडकलं होतं आणि बिचारा पार हवालदिल झाला होता. डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी ‘डीएफ’ कमांड चालवायला सांगितली, तर बूट पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा कप्पा) १०० टक्के भरलेलं! जुने कर्नल, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या आधीच्या आवृत्त्या, साचले होते. चालू कर्नल कोणता ते आधी बघून घेतलं (हे कधीच विसरू नका), मग जुने एकेक करून काढले. तासभर दोघंही जागे होतो.

१९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला हा डेबियन प्रकल्प आजही स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. माझं मशीन पहिल्यांदा बसलं, तेव्हा असंच कुणीतरी माझ्यासाठी जागलं होतं. “घाबरू नका, एरर जशीच्या तशी पाठवा,” हे त्यांचं वाक्य आज माझ्या तोंडून निघालं.